तेलही गेलं, ट्रॅक्शनही गेलं

तेलाच्या बाबतीत आपल्या समाजात मतभेद चालतात, पण मतच नसलेला माणूस चालत नाही. करडई की शेंगदाणा या प्रश्नावरून आमच्या दोन काकू काही वर्षं एकमेकींशी फक्त नळाला पाणी आलं-गेलं एवढंच बोलत होत्या. केसांना खोबरेल, गुडघ्यांना तिळाचं, पोटाला एरंडेल आणि शनिवारी मारुतीला हाताशी असेल ते. इतकी तेलं अंगाखांद्यावर खेळवलेल्या माणसाला इंजिनात कोणतं तेल घालायचं हे पुस्तक वाचून ठरव म्हटलं, की त्याचा अपमान होतो. हा लेख त्या अपमानित मंडळींच्या विरुद्ध आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

झालं काय, माझ्या पुतण्याने गाडी घेतली. साधीसुधी नव्हे, टर्बो इंजिन, २३० घोडे. हप्ते फिटेपर्यंत त्यातले घोडे किती त्याचे आणि किती बँकेचे हे आपण विचारू नये. गाडी दारात आली, नारळ फुटला, लिंबू-मिरची लटकली, आणि मग सल्ले सुरू झाले. त्यातले दोन मात्र सगळ्यांच्या तोंडी होते. पहिला, ‘हे पाण्यासारखं पातळ तेल काढ आणि वीस-पन्नास घाल.’ दुसरा, ‘ते ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण आधी बंद कर, मग बघ गाडी काय चीज आहे.’ पहिला सल्ला कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या उस्तादाचा, दुसरा पुतण्याच्या मित्रांचा. वयाने, पोशाखाने आणि भाषेने या दोन पक्षांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उघडायचं नाही, यावर दोघांचं संपूर्ण एकमत.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात बत्तीस वर्षं काढली. तेलाची पिंपं हेच माझं सामाजिक वर्तुळ होतं. आमच्या सौभाग्यवतींनी माझे शर्ट कधी घरच्या कपड्यांत भिजवले नाहीत. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजतो. उस्ताद तसं समजत नाही.

तर पहिल्यांदा ‘पाण्यासारखं पातळ’ हे प्रकरण घेऊ. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे वेट, असं निम्म्या गावाला वाटतं. तो डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पाचवाल्या तेलाची परीक्षा उणे ३० अंशांवर घेतात, विसावाल्याची उणे १५वर. आकडा जेवढा लहान, तेवढं तेल थंडीत लवकर धावतं. मागचा आकडा शंभर अंशांवरचा, म्हणजे इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहतं त्याचा. हे ऐकलं की उस्ताद विजयी मुद्रेने विचारतो, ‘मग साहेब, आपल्याकडे उणे तीस कुठंय?’

नाही ना! पण इंजिनाच्या लेखी नव्वद अंशांच्या खाली सगळा हिवाळाच. मे महिन्यात आपण पंख्याखाली घामाघूम होऊन वर्तमानपत्राने वारा घेत असतो, तेव्हासुद्धा रात्रभर खाली उभं असलेलं इंजिन थंडीने कुडकुडतच असतं. रात्रीत तेल खाली उतरून बसलेलं. सकाळी किल्ली फिरवली, की ते तळातून वरपर्यंत, केसाएवढ्या फटींतून, झडपांपर्यंत पोचायचं असतं, आणि ते पोचेपर्यंतच्या त्या क्षणांत लोखंड लोखंडाला बोचकारतं. त्या वेळी वीस-पन्नास हे पाच-तीसच्या दुपटीहून दाट असतं. पाहुणे दारात आलेत आणि घरातला कर्ता माणूस अजून धोतराचा सोगा शोधतोय, तशातला प्रकार. आणि या गाडीत टर्बो आहे. तो मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या मारतो, तेलाच्या एका पातळ पडद्यावर तरंगत. तिथे तेलाने वेळेवर पोचायचं असतं आणि उष्णता घेऊन परतही यायचं असतं. दाट तेल तिथे सकाळी उशिरा पोचतं.

उस्तादावर मात्र मी अन्याय करणार नाही. त्याचं ज्ञान खोटं नाही, जुनं आहे. त्याने हात काळे केले ते अँबॅसडर आणि फियाटवर. त्या इंजिनांतल्या फटी मोठ्या, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. मागून निळा धूर सोडणारी गाडी दाट तेल घातलं की आठवडाभर सभ्य वागायची. झिजलेल्या इंजिनाला तो उपाय आजही लागू पडतो. पण अँबॅसडर २०१४ साली बंद झाली आणि उस्तादाचा सल्ला चालूच राहिला. आजोबांचा चष्मा नातवाला लावून ‘आजोबांना यातून स्पष्ट दिसायचं’ म्हणावं, तसं हे आहे.

शिवाय उन्हाची एवढी काळजी असेल तर पुस्तकातच सोय आहे. पुतण्याच्या पुस्तकात तीस चालेल, चाळीसही चालेल असं लिहिलंय. नेहमी भर उन्हात घाट चढणाऱ्याने खुशाल चाळीस घ्यावं. पण त्याच ओळीत कंपनीचा एक मंजुरी क्रमांक दिलेला असतो, आणि खरी मेख तिथे आहे. डब्याच्या पुढच्या बाजूची मोठी अक्षरं गिऱ्हाइकासाठी असतात. इंजिनासाठी असतात ती मागची बारीक. तिथे तो क्रमांक आहे का बघायचं, आणि तेल त्या क्रमांकाला ‘मंजूर’ आहे की नुसतं ‘योग्य’ आहे तेही बघायचं. मंजूर म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून मान्य केलेलं. ‘योग्य’ हे तेलवाल्याचं स्वतःचं मत. लग्नाच्या बाजारात ‘मुलगा इंजिनिअर झाल्यासारखाच आहे’ असं म्हणतात ना, तसं.

आणखी दोन गैरसमज जाता जाता. तेल काळं पडलं म्हणजे बिघडलं असं नव्हे. त्यात साबणासारखी द्रव्यं असतात, ती काजळी धुऊन काढतात म्हणून ते काळं होतं. धुणं झाल्यावर बादलीतलं पाणी स्वच्छच राहिलं तर बायका काय म्हणतील? दुसरं, ‘थोडं वरती घाला’ हा जेवणावळीतला आग्रह इंजिनाला करू नये. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मध्ये हवं. फार वर गेलं की क्रँकशाफ्ट त्यात बुडून ताक घुसळायला लागतो, आणि फेस झालेल्या तेलाने वंगण होत नसतं.

(हसू नका, पण एरंडेलाचा इंजिनाशी खरोखरच संबंध आहे. वेकफिल्ड नावाच्या साहेबाच्या कंपनीने १९०९ साली तेलात एरंडेल मिसळलं आणि इंग्रजी ‘कॅस्टर’वरून त्याचं नाव कॅस्ट्रॉल ठेवलं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेलावरच चालत. त्याचे फवारे तोंडावर आणि तोंडात घेत वैमानिक लढत. उतरल्यावर ते पहिल्यांदा कुठे धावत असतील, ते लहानपणी रविवारी सकाळी एरंडेल घेतलेल्या वाचकांना सांगायला नको.)

आता दुसरा पक्ष. हा जास्त धोकादायक, कारण वीस-पन्नासने इंजिन मरतं, बटणाने माणूस.

त्या बटणावर एक छोटी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा असं चित्र असतं. गाडी गुत्त्यावरून घरी निघाल्यासारखी दिसते. काम त्याचं सरळ आहे. प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा एक पहारेकरी बसवलेला असतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच जोरात फिरायला लागलं, की त्याची पकड सुटली हे संगणकाला कळतं. मग तो इंजिनाचा जोर कमी करतो किंवा त्या एकाच चाकाला ब्रेक लावतो. ‘आमचा हात तयार आहे’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: हात कितीही तयार असला तरी माणसाला ब्रेकचं पेडल एकच असतं. चारातलं फक्त डावं पुढचं चाक धरून ठेवणं कुठल्याही शूरवीराला जमणार नाही.

टायरची पकड म्हणजे पहिल्या तारखेचा पगार. रक्कम ठरलेली. ती वळण्यात खर्च करा, नाहीतर वेग वाढवण्यात. दोन्हीकडे पूर्ण मिळत नाही. पावसात पगार कपात. पहिल्या पावसात तर धूळ, रबर आणि सांडलेलं तेल यांचा रस्त्यावर चिखल होतो, तेव्हा निम्माच हातात येतो म्हणा. वळणावर यातला बराचसा आधीच संपलेला असतो, आणि नेमकं तिथे ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे वीस तारखेला फ्रीज घ्यायला निघणं. अशा वेळी घरातून जो आवाज येतो, ‘या महिन्यात नको’, तो म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल. तो बंद करून मोकळं वाटतं हे मी मान्य करतो. दुकानदारालाही बरं वाटतं.

पुतण्याच्या गाडीची पुढची चाकंच गाडी ओढतात आणि तीच वळवतात. ती गरगरा फिरू लागली की वळवायचं काम सोडून देतात. स्टिअरिंग डावीकडे, गाडी सरळ. ताम्हिणी घाटात सरळ म्हणजे कुठे, हे नकाशात बघून घ्यावं.

मित्रमंडळींचा हुकमी एक्का म्हणजे फॉर्म्युला वन. ‘काका, तिथे ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आहे!’ आहे, बरोबर आहे. १९९४ साली बंदी आली, २००१ साली उठली, २००८पासून पुन्हा आहे. पण का? ते निरुपयोगी आहे म्हणून? ते फार उपयोगी आहे म्हणून! ड्रायव्हरचं काम यंत्र करायला लागलं, मग शर्यत कसली? परीक्षेत गाइड न्यायला बंदी असते ती गाइडात उत्तरं चुकीची असतात म्हणून नव्हे. आणि तिथे समोरून एस.टी. येत नाही, वळणावर म्हैस बसलेली नसते, रस्ता संपला की खडीचं मोकळं मैदान असतं. आपल्या घाटात कॉपी करायला पूर्ण परवानगी आहे; ती कराच.

बटण बंद करायचे प्रसंग असतात, तेही सांगतो, नाहीतर मला एकांगी म्हणतील. शेताच्या चिखलात किंवा वाळूत गाडी रुतली की चाकं थोडी गरगरल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. तिथे हा पहारेकरी प्रत्येक वेळी इंजिनाचा गळा धरतो आणि गाडी जागच्या जागी कण्हत बसते. तिथे बंद करा, बाहेर पडा, लगेच चालू करा. बंद ट्रॅकवर, डोक्यावर शिरस्त्राण घालून, स्वतःच्या पैशाने काय वाटेल ते करा. आणि उलट बाजूही आहे: हे यंत्र नवीन पकड निर्माण करत नाही. गुळगुळीत टायरला ते काय करणार? ज्याला पगारच नाही त्याला काटकसर शिकवून उपयोग काय?

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ‘माझी गाडी, माझा जीव, मी काय ते बघून घेईन’ असं ही पोरं म्हणतात. अरे, त्या वळणावर निखाऱ्यावर कणीस भाजत बसलेली बाई आहे. एका स्कूटरवर नवरा, बायको आणि मध्ये रेनकोटात गुंडाळलेलं पोर आहे. एस.टी.ची वाट बघत छत्री धरून उभा असलेला मी आहे. आमच्यापैकी कुणी तुला बटण दाबायला संमती दिली होती? या रस्त्यावर आमचं ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे तू चालू ठेवलेलं तेवढंच.

पुतण्याला मी एकच अट घातली आहे. बटण जरूर दाब, पण दाबण्याआधी गाडी बाजूला घे, आईला फोन लाव आणि सांग, ‘आई, मी आता ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतोय.’ दोन पावसाळे झाले, वहिनींना असा फोन आलेला नाही. तेल त्याने पुस्तकातल्या क्रमांकाचं घातलं, जुना डबा भोक पाडून टाकला, म्हणजे त्यात पुन्हा भलतंच भरून कुणी विकायला नको. उस्ताद मात्र माझ्याशी आता फक्त पाऊस-पाण्याचं बोलतो.