जागच्या जागीं मिळणारें छायाचित्र

शाळांचीं स्नेहसंमेलनें, बक्षीससमारंभ, लग्नकार्यें व जत्रा यांत हल्लीं एक व्यवसाय दृष्टीस पडतो. मंडपाच्या कोपऱ्यांत टेबल मांडून छायाचित्रकार बसतो. त्याचा साथीदार गर्दींत फिरून मुलांचे व पाहुण्यांचे फोटो घेतो. आणि मंडळी घरीं निघावयाच्या आंतच ते फोटो कागदावर छापून विक्रीस मांडलेले असतात. पालकांपैकीं कोणी यास सोय म्हणतात, तर कोणी निव्वळ लूट म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मतें धंदा चांगला आहे, परंतु तो करण्याची एक रीत मात्र वाईट आहे. ती रीत म्हणजे आधीं न विचारतां फोटो छापणें व मग तो मुलाच्या डोळ्यांपुढें धरणें ही होय.

जागच्या जागीं फोटो देणें ही कांहीं आजची युक्ति नव्हे. पूर्वीं तिवईवर लाकडी पेटी ठेवून रस्त्याच्या कडेला बसणारे फोटोग्राफर असत. ती पेटी हाच त्यांचा कॅमेरा व तीच त्यांची अंधारकोठडी. कापडी बाहींतून हात आंत घालून तो कारागीर कागदावरचें निगेटिव्ह पेटींतच धूत असे. मग तें ओलें निगेटिव्ह पेटीसमोरच्या फळीवर लावून त्याचाच पुन्हां फोटो घेई, म्हणजे काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें होऊन माणसाचा चेहरा उमटे. अमेरिकेंत १९४३ सालीं एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीनें, काढलेला फोटो लगेच कां पाहावयास मिळत नाहीं, असें बापास विचारलें. त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवून लँड यांनीं १९४७ च्या फेब्रुवारींत आपली पद्धति लोकांस दाखविली, व १९४८ च्या नोव्हेंबरांत पोलरॉइड कॅमेरा बॉस्टन शहरीं विक्रीस आला. (मुलांच्या प्रश्नांस त्रासणाऱ्या वडीलमंडळींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी!) आपल्याकडे मुंबईस गेट वे ऑफ इंडियापुढें उभे राहणारे फोटोग्राफर फिल्मच्या काळांत पैसे व पत्ता घेऊन फोटो टपालानें पाठवीत, पुढें ते पिशवींतच छोटें छपाईयंत्र बाळगूं लागले. परगांवचा माणूस अनोळखी फोटोग्राफराच्या हातीं पैसे देऊन आगगाडींत बसे, तो केवळ भरंवशावर. यंत्रानें टपालाची वाट पाहणें चुकविलें, इतकेंच.

आजच्या यंत्रांत शाई ओतावी लागत नाहीं. पिवळा, किरमिजी व निळा अशा तीन रंगांची पातळ फीत असते. ती तापलेल्या पट्टीखालून कागदासह जाते, उष्णतेनें रंग कागदांत मुरतात, व शेवटीं वर एक पारदर्शक थर बसतो. पोस्टकार्डाएवढा फोटो दहापंधरा सेकंदांत कोरडाच हातीं येतो. यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, फोटो उजळ असो कीं अंधारा, विकला जावो कीं न जावो, प्रत्येक फोटोमागें फितीचा एक पुरा तुकडा खर्चीं पडतोच. तो पुन्हां उपयोगांत आणतां येत नाहीं.

गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एक हिशेब करून पाहावा. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एका फोटोस कागद व फीत मिळून १५ रुपये खर्च येतो व तो ६० रुपयांस विकला जातो असें धरूं. छायाचित्रकारानें कोणास न विचारतां १०० फोटो छापले व ४० विकले, तर २४०० रुपये आले, १५०० गेले, ९०० उरले. बाकीचे ६० फोटो कचऱ्यांत. कारण दुसऱ्याच्या मुलाचा फोटो कोण घेणार? तेच ४० फोटो मागणी घेऊन छापले असते, तर खर्च ६०० होऊन १८०० उरते. न विचारतां छापूनही १८०० च मिळवावयाचे, तर एका फोटोस साडेब्याऐंशी रुपये घ्यावे लागतील. म्हणजे जे पालक फोटो घेतात, ते न घेणाऱ्यांच्या फोटोंचाही खर्च सोसतात. महागाईची ओरड होते तिचें मूळ येथें आहे.

पण पैशाची गोष्ट दुय्यम होय. जिजाबाईच्या वेषांत काम केलेली एखादी मुलगी नाटक संपल्यावर बाहेर येते, व आपला फोटो फळीवर टांगलेला पाहून आईचा पदर ओढूं लागते. आई जतेहून किंवा माण तालुक्यांतून आलेली. तिच्या कनवटीस परतीच्या एस्. टी. चे पैसे तेवढे असतात. मैत्रिणी आपापले फोटो घेऊन जात आहेत, आणि या माउलीला चारचौघांत ‘नको’ म्हणावें लागतें. मुलीचा हट्ट व आईची लाज यांवर झालेली विक्री ही विक्री नव्हे, ती अडवणूक होय. मागें राहिलेला तो फोटो टेबलाखालच्या खोक्यांत पडतांना मुलीनें पाहिला, तर संमेलनाचा सारा आनंद तिच्यापुरता नाहींसा होतो.

यावर छायाचित्रकार म्हणतील, ‘फोटो हातीं पडल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे काढीत नाहीं, आधीं विचारलें तर निम्मे लोक नको म्हणतील.’ या म्हणण्यांत तथ्य आहे, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु वरील हिशेबच पुढें चालवावा. मागणी घेऊन छापलेल्या प्रत्येक फोटोमागें ४५ रुपये उरतात. म्हणून विक्री निम्म्यावर येऊन अवघे २० फोटो खपले, तरी तेच ९०० रुपये पदरीं पडतात. शिवाय विजेसाठीं जनरेटर घेऊन जत्रेंत बसणाऱ्यास तेवढेंच तेल कमी लागेल. दाराशींच दराची पाटी लावावी, फोटो पडद्यावर प्रथम आईबापांस दाखवावा, चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्यावा, आणि मग यंत्र चालवावें. शाळेनें छायाचित्रकारास परवानगी देतांना ही अट घालण्यास हरकत कोणती?

पालकांचाही एक दोष सांगितल्यावांचून राहवत नाहीं. फळीवरच्या फोटोवर मोबाइल धरून त्याची नक्कल करून घ्यावयाची व पैसे न देतां निघून जावयाचें, हा प्रकार सुशिक्षित म्हणविणाऱ्यांतही आढळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन सांगून काढविलेल्या फोटोचा पहिला हक्क, निराळा करार नसल्यास, काढवून घेणाराकडे असतो. कोणी न सांगतां काढलेल्या फोटोचा हक्क मात्र सामान्यतः छायाचित्रकाराचाच. दिवसभर उभें राहून त्यानें केलेल्या कामाचें मोल चुकवावयाचें आणि घरीं मुलांस प्रामाणिकपणाचे धडे द्यावयाचे, हें जुळत नाहीं. फोटो नको असेल तर तसें सांगावें, व नक्कलही घेऊं नये.

मोबाइल घरोघर असतां कागदाचा फोटो हवाच कशास, असें कोणी विचारील. घरांतील वृद्ध माणूस निवर्तल्यावर भिंतीवर लावण्यासाठीं फोटो शोधूं लागतात, तेव्हां मोबाइलमधील शेंकडों चित्रांत तें माणूस सांपडत नाहीं. मग आधार कार्डावरचा पुसट चेहरा मोठा करून आणतात, किंवा एखाद्या लग्नाच्या समूहचित्रांतून डोकें कापून घेतात. हा अनुभव सातारा-सांगलीकडील कितीतरी घरांचा आहे. तथापि कागदही अमर नव्हे. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें, त्या वेळीं घरांत शिरलेल्या पाण्यानें भिंतीवरच्या तसबिरी व ट्रंकांतील आल्बम भिजून गेले. ज्यांचे फोटो जुन्या स्टुडिओंतून काढलेले होते त्यांस एक आशा असे: स्टुडिओवाले निगेटिव्ह क्रमांक घालून जपून ठेवीत, व मागाहून केव्हांही दुसरी प्रत काढून देत. जागच्या जागीं फोटो विकणाऱ्याचें चित्र मात्र पुष्कळदां त्याच रात्रीं कॅमेऱ्यांतून पुसलें जातें. त्यानें तें निदान कांहीं वर्षें तरी सांभाळावें, आणि विकलेल्या प्रत्येक फोटोच्या मागें तारीख, गांव, आपलें नांव व चित्राचा क्रमांक पेन्सिलीनें लिहून द्यावा. याला पैसा पडत नाहीं.

विद्यार्थ्यांस एवढीच विनंती कीं, पुढील संमेलनास आजीआजोबा आले, म्हणजे त्यांस मागच्या खुर्चींवर बसूं देऊं नये. हात धरून त्यांस त्या टेबलापाशीं न्यावें, दर विचारावा, आणि वेषांतील आपल्या फोटोपूर्वीं त्यांच्या फोटोची मागणी नोंदवावी.