डहाणू-तलासरीतील घुबडांची गणना, संरक्षण आणि स्थानिक पक्षीनिरीक्षकांना अभ्यासाची संधी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. उपवनसंरक्षक,
डहाणू वनविभाग, डहाणू, जि. पालघर

विषय : डहाणू व तलासरी तालुक्यांत घुबडांची पद्धतशीर गणना सुरू करणे, त्यात स्थानिक पक्षीनिरीक्षक व आदिवासी तरुणांना सहभागी करून घेणे आणि घुबडांच्या अधिवासाला संरक्षण देणे.

महोदय,

आम्ही डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पक्षीनिरीक्षक, शिक्षक, चिकू बागायतदार आणि ग्रामस्थ हे निवेदन सादर करीत आहोत.

आमच्या मागणीच्या मुळाशी रानपिंगळा आहे. हे घुबड पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी 1873 साली शास्त्रीय जगासमोर आणले. 1884 मध्ये खानदेशात त्याचा नमुना मिळाला आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्याची एकही खात्रीची नोंद झाली नाही. मधल्या काळात माइनर्ट्सहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत मांडवी येथे तो मिळवल्याचे सांगितले होते. तो नमुना संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला होता, हे पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी सिद्ध केले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबॉट यांना शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे तोरणमाळ आणि मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या.

2014 साली हा पक्षी ठाणे आणि पालघर जिल्ह्यांच्या हद्दीवरील तानसा अभयारण्यात आढळला. त्यानंतर गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातूनही त्याची नोंद आली. तानसा आणि पूर्णा यांच्या दरम्यान जो वनपट्टा आहे, त्याची पश्चिम कड म्हणजे आमचे दोन तालुके. सागाची विरळ पानगळीची राने रानपिंगळ्याला मानवतात आणि तशी राने उधवा, कासा या बाजूला आजही उभी आहेत. मग त्याचा शोध इथे शिस्तीने घ्यायला नको का? तो सापडला तर या जंगलाची किंमत देशाला कळेल. सापडला नाही, तरी शिस्तीने घेतलेल्या शोधातून आलेला नकारही शास्त्राच्या उपयोगाचा असतो.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी गणनेची आहे. रानपिंगळा दिवसा वावरणारा आहे. हिवाळ्याच्या सकाळी तो उघड्या फांदीवर ऊन खात बसतो, त्यामुळे त्याची पाहणी सकाळी व्हावी. गव्हाणी घुबड, शृंगी घुबड, नदी-नाल्यांकाठचे मत्स्य घुबड आणि वाड्यावस्त्यांवरचा नेहमीचा पिंगळा यांच्यासाठी ठरलेल्या मार्गांवर संध्याकाळी आणि रात्री पाहणी व्हावी. किनाऱ्यालगतच्या गवताळ जागांवर हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या आखूड कानांच्या घुबडाकडेही लक्ष असावे. प्रत्येक नोंदीला छायाचित्र किंवा आवाजाचे ध्वनिमुद्रण जोडले जावे. माइनर्ट्सहागेनच्या एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशा किती भरकटली, हे लक्षात घेतले की ही अट का हवी ते कळते.

ही गणना बाहेरून चार तज्ज्ञ आणून चार दिवसांत उरकू नये, असे आम्ही आग्रहाने मांडतो. महाराष्ट्रात यासाठी मार्गदर्शकांची उणीव नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी रानपिंगळ्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे, आणि पुण्याच्या इला फाउंडेशनने घुबडांविषयीची जागृती पिंगोरीसारख्या गावापर्यंत नेली. 2019 साली जागतिक घुबड परिषदही पुण्यात भरली. अशा संस्थांकडून प्रशिक्षण घ्यावे, पण रानात फिरणारे पाय आमच्या पाड्यांतले असावेत. कोणत्या मोहाच्या ढोलीत कोण राहते हे वारली, कातकरी तरुणाला लहानपणापासून ठाऊक असते. त्याला वाटाड्या म्हणून वापरून सोडून देण्याची पद्धत आता बंद व्हायला हवी. त्याला नोंदी घ्यायला शिकवावे, दिवसाचे मानधन द्यावे आणि अहवालावर त्याचे नाव यावे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या डहाणू कार्यालयाशी समन्वय साधून आश्रमशाळांतील व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही यात घेता येईल.

हौशी पक्षीनिरीक्षकाची अडचण साधी आहे. रात्री वनक्षेत्रात जाण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, उत्तर किती दिवसांत मिळेल, याची त्याला कल्पना नसते. मग एक तर तो जात नाही किंवा परवानगीशिवाय जातो. दोन्ही वाईट. आपल्या कार्यालयात एक अधिकारी यासाठी नेमावा, एक साधा अर्ज असावा आणि 30 दिवसांत लेखी उत्तर मिळावे. त्याच परवानगीत बंधनेही घाला : ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावायचे नाही, घरट्याजवळ प्रकाशझोत टाकायचा नाही, ढोलीचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकायचे नाही. हे नियम मोडणाऱ्याची परवानगी रद्द करावी, तो आमच्यापैकी असला तरीही.

ठिकाण गुप्त ठेवण्याचा आग्रह उगाच नाही. दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजांसाठी घुबडे पकडली आणि विकली जातात, हे ट्रॅफिक इंडियाच्या 2010 च्या अहवालाने देशासमोर ठेवले. याचे खापर केवळ आदिवासींच्या अंधश्रद्धेवर फोडणे अन्याय ठरेल, कारण शहरी गिऱ्हाईक आणि त्याचा पैसा नसता तर हा बाजार चाललाच नसता. दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात आठवडे बाजार, महामार्गावरील नाके आणि राज्याची सीमा येथे वन विभाग व पोलीस यांची संयुक्त तपासणी व्हावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हे नोंदवावेत.

ढोल्यांची जुनी झाडे हा घुबडांचा आसरा आहे. द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन या तालुक्यांतून जात आहेत. केंद्र सरकारने 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवले आहे. निदान या भूमीत तरी तोडीची परवानगी देताना ढोली तपासल्याचा शेरा सक्तीचा असावा आणि विणीच्या काळात असे झाड पाडू नये. वाळलेले उभे झाड निरुपयोगी समजून काढण्याची प्रथाही थांबवावी.

शेतकऱ्यांच्या वतीने आणखी एक मागणी. भातशेतीत आणि बागांत उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनसारखी विषे वापरली जातात. असा विषारी उंदीर खाल्ला की गव्हाणी घुबडाच्याही पोटात विष जाते, म्हणजे उंदरांचा फुकटचा शिकारी आपणच मारतो. इस्राएलमध्ये 1980 च्या दशकापासून शेतांत घुबडांसाठी लाकडी पेट्या बसवल्या जातात, आणि पुढे जॉर्डन व पॅलेस्टाइनचे शेतकरीही या कामात सामील झाले. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने आपल्या विभागासोबत असा प्रयोग हाती घ्यावा. बागा द्यायला आम्ही तयार आहोत.

जखमी घुबडांसाठीही सोय हवी. महामार्गावर वाहनाची धडक बसलेले किंवा संक्रांतीच्या मांज्यात अडकलेले घुबड वेळेत पोहोचवता यावे, म्हणून चोवीस तास चालणारा संपर्क क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. डहाणूत समुद्री कासवांवर उपचार होतात, तसे पक्ष्यांवरही व्हावेत.

गणनेचा वार्षिक अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा आणि त्यातील माहिती ग्रामपंचायतींच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत जावी.

या मागण्यांवर दिवाळीपूर्वी आपल्या कार्यालयात बैठक बोलवावी आणि येत्या हिवाळ्यातच पहिली गणना सुरू करावी, ही नम्र विनंती. बैठकीस आमचे प्रतिनिधी उपस्थित राहतील.

आपले विश्वासू,
डहाणू व तलासरी तालुक्यांतील पक्षीनिरीक्षक, शिक्षक, बागायतदार व ग्रामस्थ

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, डहाणू
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर