रुग्ण नको, रक्ताची नळी पाठवा

जालन्याला जनुक हा शब्द नवा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणं कंपनी उभी केली आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हापासून मंठा-परतूरच्या बांधावरही या शब्दाची चर्चा होते. तिथे पिकात एक जनुक घातलेलं असतं. रक्ताच्या कर्करोगात पुष्कळदा एखादं जनुक हरवलेलं असतं. गुणसूत्राचा तुकडा गळाला की पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुकही त्यासोबत जातं. ते शोधण्याची रीत भूमापकाला पटेल अशी आहे: अनेक रुग्णांत कुठून कुठवर भाग गळाला ते मांडायचं आणि सगळ्यांत सामाईक असलेला सर्वांत लहान पट्टा तपासायचा. तेराव्या गुणसूत्रावरच्या अशा पट्ट्यात नेहमीचं जनुक शोधून संशोधक थकले. अखेर २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाला तिथे दोन इवलेसे मायक्रो-आरएनए सापडले, प्रथिन न बनवणारे.

या नकाशाचा रुग्णाला काय उपयोग? जर्मनीतल्या संशोधकांनी २००० मध्ये क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या ३२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त तेराव्या गुणसूत्राचा तुकडा गेलेले निम्मे रुग्ण १३३ महिन्यांहून अधिक जगले. सतराव्याचा तुकडा, आणि त्यासोबत टीपी५३ हे जनुक, गेलेल्यांत हाच आकडा ३२ महिने होता. फ्लुडाराबिनसारखी केमो पेशीच्या डीएनएला इजा करते; पण इजा झालेल्या पेशीला मरायला लावणारं टीपी५३ जागेवर नसेल, तर ही केमो फारशी लागू पडत नाही. म्हणून या आजारात पहिल्या डोसाआधी गुणसूत्राचा गळालेला तुकडा दाखवणारी फिश चाचणी व्हावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा.

हा आजार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, मग जिल्ह्यात प्रयोगशाळा कशाला, असं कुणी विचारेल. प्रयोगशाळा नकोच. नीट घेतलेलं रक्त आणि नीट भरलेला कागद एवढं जिल्हा रुग्णालयाने सांभाळावं. नळी पुढे पाठवायला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय साठेक किलोमीटरवर आहे आणि मुंबईची गाडी त्याच दिवशी पोचते. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: टीपी५३ गेलेल्यांना लागणारी नवी औषधं परवडत नसतील, तर कळून करायचं काय? औषधं स्वस्त करण्याचा लढा वेगळा, तो लढलाच पाहिजे. तोवर किमान लागू न पडणाऱ्या केमोपायी कुणाची दोन एकर मोसंबी गहाण पडणार नाही.