शीव आपण सांगितली, नकाशा कुणी काढला?

दोस्तहो, मोर्च्यात आपला आवाज मोठा. पण मोजणीचा नकाशा पुढ्यात टाकला की आपला पदवीधर पोरगासुद्धा कागद उलटा धरतो. मला याचा संताप येतो.

गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की कुणाला बोलवायचं? महाराला. कुठल्या बांधाखाली कुठला दगड पुरलाय, आपल्या आज्याला पाठ. त्याच्या शब्दावर पाटलांचे तंटे मिटले. मग १८३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यातनं इंग्रजांची मोजणी सुरू झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आज्याच्या डोक्यातलं कागदावर गेलं आणि कागद वाचणारा दुसराच निघाला. आज्याच्या हातात राहिली काठी.

या वतनाच्या गुलामीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडलं. वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, सरकारच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असतं ते हेच. आता अंबरनाथ-बदलापूरभोवती टॉवर उठतायत, मुंबई-वडोदरा महामार्ग इकडूनच काढलाय. दलाल म्हातारीला म्हणतो, आजी, जमीन सरकारजमा होणार, हे चार पैसे घ्या, इथं अंगठा द्या. झालं कुलमुखत्यारपत्र! फेरफार कुठल्या नंबरानं पडला, इतर हक्कात काय लिहिलंय, विचारणारं घरात कुणी नाही. नातू जयंतीच्या वर्गणीला गेलेला. (वर्गणी जरूर मागा. पण सातबाराही मागा.)

आणि हे उल्हासनगर. निर्वासितांच्या कॅम्पाला १९४९ साली हे नाव मिळालं. इथली बेकायदा बांधकामं नियमित करायला २००६ मध्ये खास कायदा झाला. कागद कळणाऱ्यांसाठी कायदा असा वाकतो. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीन माणसं तुरुंगात गेली, त्यांच्या नातवंडांना गट नंबर सांगता येत नाही!

मोजणी शिका. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर, नाहीतर सिव्हिलचा डिप्लोमा. भूकरमापकाच्या भरतीत हेच मागतात, वर टायपिंग. तलाठ्याला पदवी लागते. २०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, दप्तर तेच. साखळीच्या जागी आता रोव्हर आलाय. गावठाणं २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजताहेत. ड्रोनला जात नसते, कबूल. पण ड्रोन उडण्याआधी हद्दीवर चुना टाकतो तो माणूसच. बौद्धवाड्यात तो चुना कुठून पडायचा, हे गावचा पुढारी ठरवणार?

काहीजण म्हणतात, सरकारी नोकरी म्हणजे व्यवस्थेला विकलं जाणं. मी मिलमध्ये रात्रपाळी करतो, मला हे भरल्या पोटी सांगू नका. मात्र भूकरमापक होऊन आपल्याच म्हातारीकडून वरचे पैसे उकळणार असाल, तर त्या दलालात आणि तुमच्यात काय फरक?

पुढच्या रविवारी घरचा सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन या. टेप मी आणतो.