रहस्यकथेचे संकेत आणि बीडचा गुन्हा

अभिजात रहस्यकथेचा साचा आणि समकालीन गुन्हा यांचा संयोग घडवू पाहणाऱ्या कादंबरीकडे मराठी समीक्षा दोन प्रकारे पाहते, आणि दोन्ही प्रकार सोयीचे आहेत. एक तर तिला रंजनवादी ठरवून दखलीबाहेर ठेवायचे; बाबूराव अर्नाळकरांनी बहुजनांना वाचनाची गोडी लावली, एवढे दाक्षिण्य दाखवून विषय मिटवायचा. नाहीतर बंद वाड्यातील खुनाला मोबाईल आणि सीसीटीव्हीची जोड मिळताच तिला आधुनिक म्हणायचे. गुन्ह्याची साधने बदलली की गुन्ह्याचे स्वरूपही बदलले, हा समज भाबडा आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांनी फेडायची आणि खाडा पडला तर दंड भरायचा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जे सर्वेक्षण आले, त्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे नव्हे. शोधकाची खरी अडचण इथेच सुरू होते.

तोदोरोव्हने १९६६ मध्ये रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवले: गुन्ह्याची कथा अनुपस्थित असते आणि तपासाची कथा उपस्थित. बीडच्या बाबतीत ही मांडणी उलटते. इथे पहिली कथा पूर्णपणे उपस्थित आहे; रुग्णालय आहे, तारीख आहे, बिल आहे. अनुपस्थित आहे ते तिचे ‘गुन्हा’ हे नाव. पोच्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’मधील (१८४४) पत्राप्रमाणे ती सर्वांच्या नजरेसमोर ठेवलेली आहे, म्हणूनच कोणाला दिसत नाही.

अभिजात रहस्यकथेला एकच गुन्हेगार लागतो, व्यवस्थेचा गुन्हा तिला पेलवत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांनी ख्रिस्तीबाई नीट वाचलेल्या नाहीत. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये (१९३४) सारेच संशयित दोषी ठरतात. तिथली खरी उणीव वेगळी आहे: मेलेला माणूस दुष्ट असल्याने शोधक त्यांना सोडून देतो आणि वाचकही सुटकेचा श्वास टाकतो. मुकादम, डॉक्टर, कारखाना आणि कर्ज यांच्यात वाटल्या गेलेल्या दोषाला अशी सुटका नाही. लिओनार्दो शाशाने सिसिलीवरील ‘घुबडाचा दिवस’ या कादंबरीत (१९६१) हा पेच थेट स्वीकारला. तिथे कॅप्टन बेलोदीला गुन्हेगार सापडतो, पण त्याने उभे केलेले प्रकरण सत्तेच्या आश्रयाने विरघळून जाते. साचा मोडला तो त्याचे नियम पाळूनच.

मराठी लेखकाने पुराव्याची ही शिस्त घ्यावी. वाडा, वारसाहक्क आणि शेवटच्या प्रकरणातील सभा खुशाल टाकून द्यावी. ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये (१८९२) होम्सला दुवा मिळतो तो न भुंकलेल्या कुत्र्यात. बीडच्या कादंबरीतला असा दुवा मुकादमाच्या वहीत असू शकेल. एका स्त्रीच्या नावापुढे दर महिन्याला पडणारे खाडे एका हंगामानंतर थांबतात, आणि त्याच सुमारास तिच्या नावावरची उचल वाढते. कोरी पडलेली ही जागा वाचणे हे शोधकाचेच काम आहे, आणि समाजशास्त्रीय अहवालातील आकडा ते करू शकत नाही, कारण आकड्याला संशय येत नसतो.

ग्रामीण कादंबरीच्या प्रचलित रीतीलाही ते जमलेले नाही. तिच्या करुणेबद्दल शंका नाही. पण त्या करुणेत दुष्काळ, कर्ज आणि बाईचे दुखणे एकाच दैवाच्या रांगेत उभे राहतात, आणि दैवाची उलटतपासणी घेता येत नाही. दुखण्याला कारण असते, कारणाला लाभार्थी असतो आणि लाभार्थ्याला सही करावी लागते. ती सही कोणत्या कागदावर आहे, एवढे विचारण्याचे धैर्य ज्या वाङ्मयप्रकाराने जपले, त्याला समीक्षेने अजूनही रेल्वेच्या बुकस्टॉलवरच उभे ठेवले आहे.