बंदर भाड्याने देताना

मराठीत बंदर, कन्नडमध्ये बंदरु आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिलीत बंदारी. एकाच फारसी शब्दाची ही लेकरे. तेव्हा टांझानियात दार-ए-सलामच्या बंदरावरून २०२३ साली जो वाद पेटला, तो आपल्याला अगदीच परका मानण्याचे कारण नाही. आपल्या आमटीतली काही तूरही त्याच देशातून येते.

टांझानियाच्या परदेशी व्यापाराचा बहुतेक सारा भार या एका बंदरावर आहे. झांबिया, रवांडा, बुरुंडी या समुद्र नसलेल्या देशांचा मालही तिथूनच जातो-येतो. धक्का रिकामा नसला की जहाजे बाहेर नांगर टाकून दिवसेंदिवस उभी राहत. उभ्या जहाजाचे भाडे थांबत नाही आणि ते अखेर मालाच्या किमतीवर चढते, हे आपण कॉस्टिंगच्या तासाला शिकतोच. बंदर सुधारायला हवे होते. खाजगी कंपनी आली की देश विकला, अशी ओरड करणाऱ्यांत मी नाही. आपल्या न्हावा शेवाला १९९७ साली ३० वर्षांच्या कराराने पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल आले; आज ते दुबईच्या डीपी वर्ल्डकडे आहे आणि न्हावा शेवा काही बुडाले नाही.

दार-ए-सलामलाही हीच डीपी वर्ल्ड यायची होती. त्यासाठी टांझानिया आणि दुबई यांच्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये एक आंतरसरकारी करार झाला आणि जून २०२३ मध्ये संसदेने तो मंजूर केला. त्याचे तेविसावे कलम वाचून मी थक्क झालो. दुसऱ्या पक्षाने मोठा करारभंग केला, परिस्थिती मुळापासून बदलली, इतकेच काय, राजनैतिक संबंध तुटले, तरीही कोणत्याही पक्षाला करारातून बाहेर पडता येणार नाही!

आता आपला व्यापारी कायद्याचा पेपर आठवा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३९ सांगते की एका पक्षाने वचन पाळण्याचे साफ नाकारले, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. गंमत अशी की इंग्रजांनी हाच कायदा टांगानिकात नेला होता. १९६१ पर्यंत तो तिथे चालू होता आणि त्याच्या जागी आलेला कायदाही त्याच साच्यातला आहे. म्हणजे किराणा दुकानदाराला जो हक्क आहे, तो सरकारने आपण होऊन सोडला. सरकारचे म्हणणे असे की ही फक्त चौकट आहे, मुदत व अटी पुढच्या करारांत येतील. पण चौकटच अशी असेल तर चित्र काढणाऱ्याला जागा किती उरते?

लोक बोलले. वकील बोलले, कॅथलिक बिशपांनी पत्रक काढले. माजी राजदूत विल्ब्रॉड स्लाआ यांना ऑगस्ट २०२३ मध्ये देशद्रोहाच्या संशयावरून पकडले आणि मग सोडले. कराराचे कलम मोठ्याने वाचणे हा देशद्रोह कसा, हे मला तरी कळलेले नाही. म्बेया येथील उच्च न्यायालयाने करारविरोधी अर्ज फेटाळला. तरीही २२ ऑक्टोबर २०२३ रोजी जो प्रत्यक्ष करार झाला, त्यात ३० वर्षांची मुदत आणि दर ५ वर्षांनी कामगिरीची तपासणी आली. एवढा गलका झाला नसता तर ती आली असती, असे मला वाटत नाही.

आणखी एक हिशेब राहतो. धक्का क्रमांक १ ते ७ खोल आणि बळकट करण्यासाठी टांझानियाने २०१७ साली जागतिक बँकेकडून ३४ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज घेतले होते. त्यांतलेच ४ ते ७ डीपी वर्ल्डकडे गेले. खोदाईचे कर्ज जनतेच्या नावावर असताना भाडे ठरवताना ते धरले का, हा ताळेबंदाचा सरळ प्रश्न आहे.

मे २०२४ मध्ये शेजारचे कंटेनर टर्मिनल ३० वर्षांसाठी अदानी पोर्ट्स आणि तिच्या भागीदारांकडे गेले. म्हणजे आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला भारतीय कंपनीही बसली आहे. उद्या आपल्यापैकी कुणी तिथे हिशेबनीस म्हणून जाईलही. डीपी वर्ल्डच्या कामाची पहिली पंचवार्षिक तपासणी २०२८-२९ च्या सुमारास यायला हवी. तिचा अहवाल, आकड्यांसह आणि स्वाहिलीत, दार-ए-सलामच्या हमालालाही वाचायला मिळाला पाहिजे.