सदुसष्ट म्हणजे किती?

परवा नातवाने मला सपशेल हरवले. पोरगा इंग्रजी शाळेत जातो. म्हणाला, "आजोबा, कुठलाही आकडा इंग्रजीत लिहा. अक्षरं मोजा. जो आकडा येईल तो पुन्हा लिहा. शेवटी फोरच येणार!"

मी माझे वय धरले. सिक्स्टी-सेव्हन. अक्षरे दहा. टेनची तीन, थ्रीची पाच, फाइव्हची चार, आणि फोरची चारच! अजनीच्या यार्डात मालगाडी थांबावी तशी गाडी जी थांबली ती हलेचना. इंग्रजीत आपल्या किमतीइतकीच अक्षरे असलेला हा एकुलता एक आकडा.

"मराठीत असं काही नसतं ना?"

इथे माझे डोके तापले. सदुसष्ट : स, दु, स, ष्ट. चार. चारची दोन. दोनची दोन! एकपासून दहापर्यंत सगळे आकडे दोनच अक्षरांचे, मोजून पाहा. अकराची तीन, एकोणीसची चार. तेही शेवटी दोनवरच येतात. साहेबाला चार उड्या लागल्या, आपले काम दोन उड्यांत.

पोरगा मात्र भलतीकडेच अडला होता. "आजोबा, सदुसष्ट म्हणजे किती?"

बोला आता! 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'ला 'वीस एक' म्हणायची रीत आणली, तेव्हा मीही तावातावाने भांडलो होतो. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. लिहिताना सहा आधी आणि बोलताना सात आधी, यात पोरे गोंधळतात हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. एकोणसाठ आणि एकोणसत्तरच्या घोटाळ्यात मी स्वतः छड्या खाल्ल्या आहेत. (एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, पण शंभराला एक उणा झाला की नव्याण्णव! का, ते विचारू नका.) विधानसभेत तर, मग फडणवीसांना फडण-दोन-शून्य म्हणायचे का, इथवर मजल गेली. मुख्यमंत्री आमच्या गावचे, त्यामुळे नागपुरात हा विनोद जरा जास्तच चालला.

पण मी म्हणतो, अवघड म्हणून मोडायचे कशाला? जर्मन पोरे नव्याण्णवपर्यंत एकक आधी आणि दशक मागून बोलतात, त्यांचे गणित कुठे बुडाले? थर्टीनमध्येही तीनच आधी येतो. ट्वेल्व्हचे 'टेन टू' करा म्हणून कोणी साहेबाच्या दारी गेले नाही. कानावर रोज पडले की सदुसष्टही सोपा होतो. पडतो कुठे? बर्डीवर भाव विचारावा तर 'सडसठ', आणि बँकेत 'सिक्स्टी-सेव्हन'. पुस्तकाने शब्द मोडला म्हणून ओरडलो आम्ही, आणि घरात तो उच्चारायलाही कोणी तयार नाही!

हे भाषण ऐन रंगात आले असताना स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्याले काय शिकवून राहिले? काल गॅसवाल्याला फोन नंबर कोणत्या भाषेत सांगितला होता?"

इंग्रजीतच सांगितला होता. 'डबल थ्री'सकट.